आयब्रो दर वेळी बारीकच होतात, त्यातही एक वर एक खाली: यावर काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. कॉलेजला गेल्यावर पहिल्यांदा आयब्रो केल्या तेव्हा छान भरलेल्या होत्या. मग दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग सुरू झालं. एकदा उजवी जरा जास्त गेली, म्हणून डावी तिच्या बरोबरीला आणली. पुढच्या वेळी डावी जास्त गेली, म्हणून परत उजवीवर हात फिरला. आता दोन्हीकडे नुसत्या रेघा उरल्या आहेत, आर्च नको तिथे टोकदार झालाय आणि बाहेरचं टोक पेन्सिलीशिवाय दिसत नाही. पार्लर बदलून झालं, नाशिकचा कॉलेज रोड सोडून गंगापूर रोडला जाऊन झालं, तरी दोन महिन्यांनी तेच.

माझं इंदिरानगरला छोटं पार्लर आहे आणि खुर्चीत बसणाऱ्या निम्म्या जणींचं गाऱ्हाणं हेच असतं. पार्लरवालीला दोष देणं सोपं आहे, आणि कधीकधी तो तिचा असतोही. पण चांगला हात असलेल्या बाईकडेही असं होतं, कारण खरी गडबड दोन्ही आयब्रो एकसारख्या करण्याच्या हट्टात आहे. बरोबरी नेहमी काढूनच साधली जाते. दोऱ्याने केस काढता येतो, लावता येत नाही. त्यामुळे प्रत्येक ‘जरा सारखं करा ना’ला जाड आयब्रो बारकीच्या मापाला येते. उलट कधीच घडत नाही.

म्हणून पहिला नियम: जी जाड आहे तिला हात लावायचा नाही. जी बारीक आहे तिला वाढू द्यायचं.

आधी बघा, फरक केसांचा आहे की कपाळाचा

आरशासमोर सरळ उभ्या राहा, चेहरा सैल सोडा. आता दोन्ही हातांची बोटं आयब्रोच्या वर कपाळावर सपाट टेकवा आणि कातडी न ओढता कपाळ हलू देऊ नका. वरखाली दिसणारा फरक बराच कमी झाला, तर तो स्नायूचा आहे. बहुतेकींची एक भुवई बोलताना, हसताना, फोटो काढताना जास्त उचलली जाते. हा फरक दोऱ्याने मिटत नाही. मिटवायला गेलं की उचलली जाणारी आयब्रो वरून साफ केली जाते, आणि चेहरा सैल सोडल्यावर ती दुसरीपेक्षा खाली, अर्धी होऊन बसते. असा फरक असेल तर तो तसाच राहू द्या. समोरच्या माणसाच्या तो लक्षातही येत नाही.

खुर्चीतही हेच घडतं. मान मागे टेकवलेली, डोळे मिटलेले. तुमचा एक हात पापणीवर, दुसरा कपाळावर. त्या वेळी तुम्ही उजवीकडे जरा जास्त ओढलंत की रेघ तिथेच सरकते. कातडी सोडल्यावर ती वेगळ्याच जागी येते. शिवाय करणारी बाई बहुधा एकाच बाजूला उभी असते, म्हणजे जवळची आयब्रो तिला सरळ दिसते आणि लांबची तिरकी. त्यामुळे झोपलेल्या अवस्थेत हातात दिलेल्या छोट्या आरशात बघून ‘इकडे अजून थोडं’ म्हणू नका. उठून बसा, भिंतीवरच्या मोठ्या आरशात डोळे उघडे ठेवून बघा, मग बोला.

पार्लरच्या बाजूचीही एक गोष्ट सांगते. आयब्रोचे पैसे थोडे, बाहेर दोघी-तिघी थांबलेल्या. कापसावर चारच केस दिसले तर गिऱ्हाईकाला वाटतं की काहीच केलं नाही, पैसे फुकट गेले. मग आम्ही दोन केस जास्त काढतो. तुम्ही खूश, आम्ही खूश, आयब्रो मात्र गेली.

केस परत येतात, पण त्यांच्या वेळेने

डोक्याचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो. भुवईच्या केसाचं तसं नाही. त्याचा वाढीचा काळ साधारण ४ ते ८ आठवड्यांचाच असतो, मग तो थांबतो, काही महिने नुसता राहतो, गळतो आणि त्या जागी नवा येतो. वाढीचा वेगही कमी, दिवसाला ०.१५ मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे महिन्याला चार-पाच मिलीमीटर.

आता पंधरा दिवसांचं गणित बघा. दोऱ्याने केस मुळापासून उपटला जातो. पण सगळे केस एकाच टप्प्यावर नसतात, त्यामुळे काही मुळं दोन आठवड्यांत नवा केस वर पाठवतात आणि काहींना तीन-चार महिने लागतात. तुम्ही पंधराव्या दिवशी खुर्चीत बसता तेव्हा नुकतेच वर आलेले बारीक काळे ठिपके ‘घाण’ म्हणून साफ होतात. पुढच्या वेळी दुसरी तुकडी वर आलेली असते, तीही जाते. त्यामुळे आयब्रो पूर्ण भरलेली तुम्हाला स्वतःलाही कधी बघायला मिळत नाही, आणि ‘माझे केस येतच नाहीत’ असं वाटत राहतं.

ते येतायत का, हे घरीच तपासता येतं. सकाळी खिडकीपाशी छोटा आरसा घेऊन उजेड बाजूने पडेल असं बसा. ट्यूबलाइटखाली हे दिसत नाही. जिथे आयब्रो गेली आहे तिथली कातडी नीट बघा. बारीक काळे ठिपके किंवा फिकट, मऊ लव दिसली तर मुळं जिवंत आहेत, फक्त वाट बघायची आहे. कातडी गुळगुळीत, चकचकीत, एकही छिद्र नसलेली दिसली तर केस परत येण्याची आशा कमी. पंधरा-वीस वर्षं एकाच रेघेवर सतत उपटत राहिलं की काही मुळं कायमची बंद होतात. १९९० च्या दशकात अगदी बारीक आयब्रोची फॅशन होती. त्या वेळी हौसेने आयब्रो कोरून घेतलेल्या, आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी बायकांचं असंच झालं आहे.

दोरा बंद: किमान तीन महिने

याला दुसरा उपाय नाही. बारा आठवडे आयब्रोच्या भागात दोरा नको, वॅक्स नको, चिमटा नको, रेझरसुद्धा नको. रेझरने मुळाला धक्का लागत नाही हे खरं, पण हात सरकला तर आहे तेही जातं.

‘अजिबात नको’ म्हटलं की कोणी पाळत नाही, म्हणून सूट सांगते. दोन्ही आयब्रोंच्या मधले, नाकाच्या वरचे केस काढलेत तरी चालतील, पण आयब्रोच्या सुरुवातीपासून थोडं अंतर सोडून. पापणीच्या अगदी मध्यावर, आयब्रोपासून लांब आलेले एक-दोन लांब केस छोट्या कात्रीने कापा, उपटू नका. अपर लिप, फोरहेड खुशाल करा. फक्त फोरहेड करताना बाईला आधीच सांगा, नाहीतर सवयीने हात आयब्रोच्या वरच्या कडेला येतोच.

पहिले तीन आठवडे सोपे जातात. चौथ्या ते सातव्या आठवड्यात खरी कसोटी असते. केस हवे तिथे थोडे आणि नको तिथे जास्त येतात, एक उभा, एक आडवा, टोकाला अजून काहीच नाही. घरात आई म्हणते, ‘अगं, आयब्रो करून ये गं, कसं दिसतंय ते.’ नेमकं तेव्हाच कोणाचं तरी लग्न निघतं. नव्वद टक्के मुली इथेच हार मानतात असं मी म्हटलं तर तो आकडा माझ्या मनाचा, पण इथेच हार मानतात एवढं नक्की.

या आठवड्यांसाठी दोन गोष्टी कामाला येतात. एक, दर रविवारी त्याच खिडकीत, त्याच उजेडात, चेहरा सैल ठेवून फोटो. रोज आरशात बघून फरक कळत नाही, चार फोटो शेजारी ठेवले की कळतो. दुसरी, कन्सीलर. आयब्रोच्या खाली आलेल्या ठिपक्यांवर कातडीच्या रंगाचं थोडंसं कन्सीलर बोटाने दाबून लावलं की दोन फुटांवरून ते दिसत नाहीत. लग्नाची संध्याकाळ निघून जाते आणि ठिपके सकाळी जागेवर असतात.

तोपर्यंत भरायचं कसं

काजळाने नाही. हे मुद्दाम पहिल्यांदा लिहितेय, कारण पर्समध्ये तेच असतं. काजळ तेलकट असतं, एप्रिलच्या उन्हात मेन रोडला दोन दुकानं फिरेपर्यंत ते पापणीवर उतरतं, आणि त्याचा काळा रंग भुवईवर चिकटवल्यासारखा दिसतो. आयब्रो पेन्सिल घ्या, ती केसांपेक्षा एक छटा फिकी. काळेभोर केस असले तरी गडद ब्राउन किंवा राखाडी झाक असलेली ब्राउन शोभते. लालसर ब्राउन आपल्याकडच्या बहुतेक रंगांवर विचित्र दिसते.

पेन्सिलीला बारीक टोक करा. कोपर टेबलावर टेकवा, म्हणजे हात थरथरत नाही. आयब्रो ज्या दिशेने वाढते त्या दिशेने एकेक बारीक रेघ ओढा: नाकाकडच्या बाजूला वरच्या दिशेने, मध्यात तिरकी, टोकाला खाली उतरती. सुरुवातीच्या भागात हात अगदी हलका, टोकाकडे जरा दाबून. आधी पूर्ण बाह्यरेषा काढून आत रंग भरला की शाळेतल्या चित्रकलेच्या वहीसारखं दिसतं. शेवटी जुन्या, धुतलेल्या मस्कारा ब्रशने विंचरा, कडा मऊ होतात. दोन्ही आयब्रो आलटून पालटून करा. एक पूर्ण करून दुसरीकडे गेलं की दुसरी हमखास वेगळी येते.

रंगपंचमीला मात्र सोडून द्या. आपल्या नाशिकच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, एक उडी मारली की कुठलीही पेन्सिल टिकत नाही, वॉटरप्रूफ असली तरी. हळदीच्या दिवशीही पेन्सिल नको. हळद-तेलात ती विरघळते आणि तो हिरवट-काळा ओघळ फोटोत कायमचा राहतो.

केसांचा डाय किंवा काळी मेंदी भुवईला लावायची नाही. डायच्या डब्यावरच लिहिलेलं असतं की भुवया-पापण्यांसाठी वापरू नये, डोळ्यांना इजा होते. लोक डबा फेकतात, सूचना वाचत नाहीत.

तेल, सीरम आणि औषधं

एरंडेल लावायला माझी ना नाही. केस मऊ राहतात, चमकतात, त्यामुळे आहेत ते दाट भासतात. पण एरंडेलाने नवे केस उगवतात याला भक्कम पुरावा नाही. रात्री लावणार असाल तर एकच थेंब, मस्कारा ब्रशने. जास्त लावलं की डोळ्यात उतरतं आणि कपाळावर पुरळ येतात. कांद्याचा रस भुवईवर अजिबात नको, डोळ्यापासून बोटभर अंतरावर आहे ती जागा. व्हिटॅमिन ई ची गोळी फोडून लावण्याचंही तसंच. काहींना त्याने खाज येते, केस येताना मात्र मी कोणाला पाहिलं नाही.

मिनॉक्सिडिलचा भुवईवर उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यास आहेत. पण ते लावायचं औषध डोक्यावरच्या केसांसाठी आहे, भुवईसाठी डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर देतात. ओघळून गालावर लव येऊ शकते, लालसरपणा येतो, बंद केलं की परिणाम हळूहळू जातो, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते वापरायचं नाही. बिमाटोप्रोस्ट हे काचबिंदूचं औषध. अमेरिकेत २००८ साली ते पापण्यांचे केस वाढवण्यासाठी मंजूर झालं, भुवईसाठी नाही. त्याने कातडी काळवंडते, डोळे लाल होतात आणि बुबुळाचा रंगही गडद होऊ शकतो. मेडिकलवाल्याला विचारून यातलं काही आणू नका. स्किनच्या डॉक्टरांनी बघून दिलं तर वेगळं.

चेहऱ्याला रेटिनॉलची किंवा मुरुमांची क्रीम लावत असाल तर पार्लरमध्ये आधी सांगा. त्याने कातडी नाजूक होते आणि दोऱ्याबरोबर सालटं निघतात. वॅक्स तर अशा वेळी नकोच.

पार्लरचा प्रश्न नसतो तेव्हा

थ्रेडिंग न करताही आयब्रो विरळ होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. बाहेरचा एक तृतीयांश भाग दोन्हीकडे हळूहळू जात असेल, सोबत थकवा, वजन वाढणं, पाळी बिघडणं असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. लोह कमी असणंही आपल्याकडे नवीन नाही, त्यानेही केस गळतात. नाण्याएवढी गोल जागा एकदम साफ झाली तर ती चाई असू शकते. भुवईत कोंडा, खाज, लाली असेल तर ते सेबोऱ्हिक त्वचादाह असण्याची शक्यता जास्त, त्यावर औषध आहे. भुवई विरळ होताना चेहऱ्यावर किंवा हातापायावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लाजू नका. कुष्ठरोगाचं ते लक्षण असू शकतं, सरकारी दवाखान्यात त्याची औषधं मोफत मिळतात आणि वेळेत घेतली की माणूस पूर्ण बरा होतो. त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलला दाखवता येतं.

अभ्यासाच्या किंवा घरातल्या ताणात नकळत भुवईचे केस उपटत बसणाऱ्या मुलीही मी बघितल्या आहेत. त्यांना रागावून उपयोग नसतो. त्यांच्यासाठी मानसोपचाराची मदत आहे, आणि ती लवकर घेतलेली बरी.

तीन महिन्यांनंतर शेप कसा घ्यायचा

आधी घरी खुणा करा. एक सरळ पेन्सिल घ्या. नाकपुडीच्या कडेला ती उभी धरून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून वर न्या, जिथे टेकेल तिथे आयब्रो सुरू व्हावी. जास्त उपटलेल्या बहुतेक आयब्रो इथून अर्धा सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला सुरू होतात, त्यामुळे नाक रुंद दिसतं. मग नाकपुडीवरूनच बुबुळाच्या बाहेरच्या कडेतून तिरकी धरा, तिथे आर्चची सर्वांत उंच जागा. तिसऱ्यांदा नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला लावून पुढे न्या, तिथे टोक संपावं. टोक आयब्रोच्या सुरुवातीच्या पातळीपेक्षा खाली उतरलं तर चेहरा थकलेला दिसतो. या तीन खुणा अंदाजासाठी आहेत, मिलिमीटर मोजत बसायचं नाही. तुमच्या हाडाची ठेवण त्याहून महत्त्वाची.

पांढऱ्या किंवा फिक्या पेन्सिलीने हव्या त्या आकाराभोवती रेघ काढा आणि तशाच पार्लरला जा. लाज वाटू देऊ नका. ‘नॅचरल शेप द्या’ या वाक्याला काहीही अर्थ नाही, प्रत्येकीचं नॅचरल वेगळं असतं. त्याऐवजी असं म्हणा: ‘ताई, ही रेघ आहे, तिच्या बाहेरचेच केस काढा. वरून हात लावू नका, फक्त खालून. सुरुवातीचे केस नको. दुसरीशी बरोबरी करू नका. मला विचारल्याशिवाय कात्री नको.’ वरची कडा अशी एकदा गेली की भरून यायला वेळ घेते.

कात्री वापरायचीच तर केस ब्रशने वर विंचरून जे वरच्या कडेच्या बाहेर जातात तेवढेच, एकेक करून, टोकाला. पूर्ण ओळ एका झटक्यात कापली की मध्ये भोकं पडतात. खाली विंचरून कापणं तर बंदच करा.

दोरा नवा आहे ना, ते बघा. दोऱ्याचं एक टोक दातात धरायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. गळ्यात अडकवून काम करणाऱ्या बाईकडे जा, किंवा तशी विनंती करा. कातडीवर मस किंवा फोड असताना थ्रेडिंग टाळा, दोऱ्याबरोबर ते पसरतात.

मायक्रोब्लेडिंगबद्दल हल्ली रोज विचारणा होते. ज्यांची मुळं खरोखर गेली आहेत त्यांच्यासाठी तो पर्याय आहे, पण तीन महिने थांबून बघितल्याशिवाय नाही. सुईने कातडीत रंग भरतात, तो साधारण वर्ष-दीड वर्षात फिका पडतो, तेलकट कातडीवर लवकर. जखमेच्या जागी जाड, उंच वण (केलॉइड) होत असेल, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा गरोदर असाल तर नको. सुई तुमच्यासमोर पाकिटातून फोडली नाही तर उठून या, मग सवलत कितीही असो. आणि आकार आधी पेन्सिलीने काढून, उभं राहून, मोठ्या आरशात पाहून पसंत करा. दोऱ्याने बिघडलेलं चार महिन्यांत भरतं, हे भरत नाही.

यानंतर आयब्रो पंधरा दिवसांनी नाही, पाच-सहा आठवड्यांनी. मधल्या काळात रेघेबाहेर आलेला एखादा केस घरी चिमट्याने काढला तरी चालतो, दिवसाउजेडी आणि साध्या आरशात. मोठं करून दाखवणारा आरसा मात्र घरात आणू नका. त्यात प्रत्येक केस फालतू वाटतो.